एकर आणि गुंठ्यांमधली रेघ

तेलंगणात जमिनीच्या नोंदींचे धरणी पोर्टल गेले आणि १४ एप्रिल २०२५ ला त्याच्या जागी भूभारती आले. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेत विधेयक आले, तेव्हा सरकारच्या बाजूने एक हिशेब दिला गेला: जुन्या पहाणीत, म्हणजे गावच्या जमीन-पिकाच्या नोंदवहीत, ३२ रकाने होते, धरणीत एकच उरला, आता ११ ठेवू. बातम्यांत हा हिशेब एका ओळीत आटोपला. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या भीमपूर मंडलातल्या शेतकऱ्यासाठी मात्र गेल्या सात-आठ वर्षांचा सगळा मनस्ताप त्या एका ओळीत आहे. रकाने पुसले की कागद सुटसुटीत दिसतो, पण त्या रकान्यांत ज्यांची नावे बसत होती ती माणसेही त्याबरोबर दप्तरातून जातात. तक्ता कसा आखायचा हे जो ठरवतो, तो कोणाचा हक्क नोंदला जाणार हेही ठरवून टाकतो, असे माझे म्हणणे आहे.

या तक्त्याचे मूळ हैदराबादच्या महसूल दप्तरात आहे. १९५४-५५ साली, म्हणजे फसली १३६४ मध्ये, गावोगाव खासरा पहाणी झाली. जमिनीचा वाद जुना असला की तेलंगणात आणि मराठवाड्यातही आजसुद्धा त्या पहाणीचा कागद शोधला जातो. तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठी मुलखात गेले, भीमपूरचा भाग आंध्र प्रदेशात आला आणि एकाच दप्तराच्या दोन वाटण्या झाल्या. पुढच्या साठ वर्षांवर रेंगाळण्यासारखे फारसे नाही. एन. टी. रामाराव यांच्या सरकारने पटेल-पटवारी मोडीत काढले, नंतर उतारे संगणकावर चढले, मी-सेवा केंद्रातून मिळू लागले. लिहिणारे हात बदलले, पण सर्वे नंबर, क्षेत्र, पट्टादार (मालक), अनुभवदार (प्रत्यक्ष कसणारा), पीक हे रकाने आपापल्या जागी राहिले. इथे त्या जागांना किंमत होती. उतारा तेलुगूत आणि घरातली बोली मराठी किंवा गोंडी. तेलुगू लिपी नीट न लागणाऱ्यालाही पट्टादाराशेजारची चौकट भरलेली आहे की रिकामी, हे बोट ठेवून सांगता येते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्हे फुटले आणि भीमपूर मंडल झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरात, भूमी अभिलेख शुद्धीकरणाची मोहीम निघाली आणि पहिली जाड रेघ ओढली गेली: बिनवादाच्या जमिनी भाग अ मध्ये, वादाच्या भाग ब मध्ये. भाग ब मध्ये पडलेल्या जमिनीला नवे पासबुक मिळाले नाही. मे २०१८ मध्ये रयतुबंधू हे शेतकऱ्यांसाठीचे अनुदान सुरू झाले, एकरी हंगामाला ४,००० रुपये, तेही पासबुक असलेल्यालाच. रेघेच्या पलीकडचा शेतकरी त्यामुळे दोनदा बुडाला. त्याच काळात अनुभवदाराचा रकाना गळाला. ठोक्याने किंवा बटईने कसणारा, खत-बियाण्याची उधारी डोक्यावर घेणारा माणूस तक्त्यात राहिलाच नाही. अनुदान पट्टादाराच्या खात्यात गेले. जिल्ह्याच्या अनुसूचित भागात तर याहून गंभीर घडले. १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम आणि १९७० ची त्याची दुरुस्ती, लोक ज्याला ‘वन ऑफ सेवंटी’ म्हणतात, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ देत नाही. पट्टादार गोंड आणि अनुभवदार दुसराच, ही विसंगती जुन्या पहाणीत दोन शेजारच्या चौकटींत उघडी पडे. चौकट काढली आणि पुरावाही त्याच झटक्यात निघाला.

क्षेत्राचा रकाना घ्या, मग आखणी किती पोटापाण्याची गोष्ट आहे ते दिसेल. एकराचे गुंठे ४०. हाताने आखलेल्या वहीत एकर आणि गुंठे यांच्यामध्ये उभी रेघ असली की चूक होत नाही. ती रेघ काढून तिथे टिंब ठेवले की २ एकर २० गुंठे हे २.२० होतात, पण ते अडीच एकर आहेत, सव्वादोनही नव्हेत. संगणकाच्या तक्त्यात शेवटचे शून्य गळाले की २.२ उरतात आणि ते २ एकर २ गुंठे वाचले जाऊ शकतात. फरक १८ गुंठ्यांचा. रयतुबंधूच्या नंतर वाढलेल्या एकरी ५,००० च्या दराने एका हंगामाचे २,२५० रुपये. १.३० आणि १.२० यांची बेरीज यंत्र २.५० करील, खरी जमीन ३ एकर १० गुंठे आहे. पलीकडे किनवटला हा घोळ होत नाही, कारण तिथे हेक्टर-आर आहेत आणि १०० आरांचा हेक्टर टिंबाला निमूट मानतो. गुंठा मानत नाही. त्याला रेघच लागते.

अनुभवदाराचा रकाना म्हणजे लाचेचे कुरण होते, पैसे घेऊन कोणाचेही नाव घुसवले जाई, असा एक आक्षेप आहे. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही. पण खोटी नोंद झाली तर नोंद कोणी, कधी, कशाच्या आधारावर केली हे लिहायला आणखी एक रकाना लागतो. आहे तो काढून टाकल्याने कसणारा तेवढा नाहीसा होतो, लाच दुसऱ्या टेबलावर जाते. दुसरा आक्षेप वाचनसुलभतेचा आहे. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात अनावश्यक शाई काढा, असे सांगितले, आणि तेव्हापासून व्यवसायाचे अहवाल करणारे उभ्या रेघा व जाड चौकटी खोडत आले आहेत. विक्रीच्या तक्त्याला ते शोभते, मलाही ते पटते. पण टफ्टी यांनी शाई कमी करायला सांगितली होती, माहिती नव्हे. धरणीने माहितीच कमी केली आणि त्याला सुटसुटीतपणा म्हटले.

महाराष्ट्राने २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा इतर बदलांबरोबर दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ छापायचे ठरले. सामाईक गटात पाच भावांची नावे एकाखाली एक येतात, कोणाचे क्षेत्र कुठे संपते ते कळत नाही. ती रेघ ते सांगते. एवढी बारीक गोष्ट कोणीतरी शेतकऱ्याच्या डोळ्याने पाहिली, याचे मला अप्रूप आहे. भूभारतीच्या ११ रकान्यांत अशी नजर हवी: एकर वेगळे, गुंठे वेगळे, रकान्यांच्या डोक्यावर तेलुगूखाली मराठी, आणि पट्टादाराच्या शेजारी, पूर्वी होती तिथेच, कसणाऱ्याची चौकट.