तारांचं रेलिंग आणि त्याची पगडी

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पोटात गोळाच आला. रेलिंगला कठडा म्हणतात एवढं माहीत होतं, पण त्याच्या 'टॉप कॅप'ला काय म्हणायचं? उत्तर सापडलं, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वीचं. ते पुढे सांगते. आधी काकांची गोष्ट.

मागच्या मे महिन्यात बीड बायपासला काकांच्या नव्या घराचं काम संपत आलं होतं. काका नुकतेच न्यू जर्सीला आत्याकडे राहून आले होते. तिच्या घरामागे डेक आहे, म्हणजे जमिनीपासून उचललेला लाकडी ओटाच म्हणा ना. त्याला ॲल्युमिनियमचे खांब, मधून दहा आडव्या स्टीलच्या तारा आणि वर हात टेकायला लाकडी पट्टी. तारा बारीक, त्यामुळे समोरचं सगळं दिसतं. काकांच्या वरच्या गॅलरीतून साताऱ्याचे डोंगर दिसतात. झालं, काकांना तस्संच रेलिंग हवं होतं.

फॅब्रिकेशनवाल्याने मोबाइलवर फोटो पाहिला, "होऊन जाईल" म्हणाला आणि चार दिवसांत उभंही केलं. खालून वर एकेक तार तो टर्नबकलने आवळत गेला. दहावी आवळून झाली तेव्हा पहिली ढिली पडली होती! पुन्हा पहिली आवळली, तर पाचवी ढिली. काका माझ्याकडे वळले, "तू इंजिनियर होतेस ना? सांग, काय चुकलं?" मी थर्ड इयर मेकॅनिकल. थाटात सांगितलं, "काका, ताण कमी पडतोय. अजून आवळायला सांगा."

आवळलं. शेवटचा खांब वरच्या टोकाला आत झुकला, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. आणि आमची चार वर्षांची चिनू दोन ढिल्या तारांमधून डोकं बाहेर काढून खाली बघत होती. त्या रात्री मी एस.ओ.एम.ची वही उघडली. परीक्षा नसताना, आयुष्यात पहिल्यांदा.

पहिला प्रश्न, तारेला ताण हवाच कशाला? दोन खांबांमध्ये १.२ मीटर अंतर आहे आणि तारेत १०० किलोचा ताण आहे असं धरा. मधोमध १० किलोने ढकललं तर तार किती सरकेल? बल गुणिले अंतर, भागिले चारपट ताण. उत्तर सुमारे ३० मिलिमीटर. (सरकताना तार थोडी लांबते आणि ताण वाढतो, तो सोडून दिलाय.) खांबांमधलं अंतर दुप्पट केलं तर सरकणंही दुप्पट, ताण निम्मा केला तरी तेच. अमेरिकेत नियम असा की १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंचांचा गोळा कठड्यातून आरपार जाता कामा नये. म्हणून तिथे तारा साधारण ७५ मिलिमीटरवर लावतात, कारण ढकलल्यावर त्या फाकणारच. काकांच्या फॅब्रिकेटरने तारांची संख्या बरोबर मोजली होती, खांब मात्र अडीच मीटरवर लावले होते. "खर्च वाचवला साहेब."

आता खरी गंमत. तारेतला ताण जातो कुठे? मधल्या खांबांच्या भोकांतून तार नुसती पुढे जाते, त्यांना काही फरक पडत नाही. सगळी ओढ बसते दोन टोकांच्या खांबांवर. दहा तारा गुणिले १०० किलो म्हणजे एक टन! कठड्याची उंची एक मीटर धरली तर ही ओढ सरासरी अर्ध्या मीटरवर काम करते, म्हणजे खांबाच्या बुडाशी ५०० किलोग्रॅम-मीटरचा मोमेंट. याच्या तुलनेत टेकणाऱ्या माणसांचं काय? १९८७ च्या आयएस ८७५ भाग २ मध्ये साधारण गॅलरीच्या कठड्यावर दर मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे ७५ किलोच्या आसपास आडवं बल धरायला सांगितलंय. १.२ मीटरवर खांब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ९० किलोग्रॅम-मीटर. म्हणजे कोणी टेकायच्या आधीच तारांनी टोकाच्या खांबावर पाचपट भार टाकलेला असतो. दिशा वेगळी, माणसं बाहेर ढकलतात आणि तारा कठड्याच्या रेषेत ओढतात, पण खांब तोच.

काकांचा खांब ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा सेक्शन. त्यात येणारा स्ट्रेस काढला तर ६०० मेगापास्कल. ६०६३-टी६ ॲल्युमिनियम साधारण १७० ला कायमचं वाकायला लागतं. शिवाय स्टीलच्या मानाने ॲल्युमिनियम तीनपट लवचीक. म्हणजे ६०० यायच्या कितीतरी आधी खांब झुकणार, टोकं जवळ येणार आणि आधी आवळलेल्या तारा सैल होणार. मी "अजून आवळा" म्हणाले होते!

इथे ती वरची पट्टी येते. काकांना वाटत होतं ती शोभेची आणि कोपर टेकायची. पण दोन टोकांच्या खांबांच्या डोक्यांमध्ये एक दणकट दांडी घट्ट बसवली तर ती दोघांना एकमेकांकडे झुकू देत नाही. आपल्या भाषेत, कॅन्टिलिव्हरचा प्रॉप्ड कॅन्टिलिव्हर होतो. बुडाचा मोमेंट एक-अष्टमांशाच्या सूत्राने येतो, म्हणजे ५०० चा १२५. चौथा हिस्सा! स्ट्रेस १५० वर. तेही काठावरचंच, म्हणून टोकाचे खांब जाड घ्यायचे किंवा सरळ भिंतीला बांधायचे.

पण दांडी कशाची, हेही महत्त्वाचं. नुसतं सागवान चालेल? लांबीत ते फार हलत नाही, पण पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, स्क्रू ढिले होतात. कंपोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण, त्याला वाळवी लागत नाही, तेलपाणी करावं लागत नाही. मात्र उन्हात ते ॲल्युमिनियमपेक्षाही जास्त वाढतं, म्हणून जोडाला फट ठेवावी लागते. आता ज्या पट्टीत फट आहे ती खांबांना रेटा कसा देणार? म्हणून खाली ॲल्युमिनियमचा अखंड चॅनेल आणि वर लाकूड किंवा कंपोझिट. रेटा चॅनेल घेतो, वरची पट्टी आपला हात वाचवते. लाकडातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने हजारपटीहून सावकाश वाहते. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्या धातूच्या कठड्यावर हात ठेवून बघा, सूत्र नको.

आणि हो, स्टीलची तार ॲल्युमिनियमला थेट घासू द्यायची नाही. ओल आली की दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भोकात नायलॉनचं बुश हवं.

आता ते मराठी नाव. सांचीच्या स्तूपाभोवती दगडी कठडा आहे, वेदिका. तिच्या उभ्या खांबांना स्तंभ म्हणतात, आडव्या दांड्यांना सूची, आणि सगळ्या स्तंभांची डोकी जोडणाऱ्या वरच्या दगडाला उष्णीष, म्हणजे पगडी! ही रचना मुळात लाकडी कठड्याची नक्कल. लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या लेण्यांत तशीच वेदिका दर्शनी भागावर कोरलेली आहे, तिथे तिचा काही उपयोग नसताना. सूचींना ताण नसतो हे खरं, पण डोकी एकत्र बांधायची ही अक्कल तेव्हाचीच.

काकांनी मधले खांब वाढवले, चॅनेल घातला, वर सागवान लावलं. तारा आता वाजवल्या की तंबोऱ्यासारख्या वाजतात. एक गोष्ट मात्र सुटली नाही. आडव्या तारा म्हणजे चिनूसाठी शिडी. शेवटी आतून काचेचे पॅनेल बसवले, आणि काकूंनी ऐकवलंच, "मग तारा कशाला लावल्या?"

हॉस्टेलला असं रेलिंग लावावं का, असं रूममेटने विचारलं. अजिबात नको. दहा आयत्या दोऱ्या मिळाल्यावर दहावर टॉवेल वाळतील, आणि पाय ठेवून बसणाऱ्या आपण आहोतच. आपल्याला उभ्या गजांचं लोखंडी रेलिंगच बरं, फक्त ते बुडाशी धड हवं. आयएस ८७५ मध्ये शाळा, नाट्यगृहं अशा गर्दीच्या जागांसाठी आकडा तिप्पट आहे, मीटरला २.२५ किलोन्यूटन. गॅदरिंगच्या रात्री आपली गॅलरी कशात मोडते ते तुम्हीच ठरवा. वाकून प्रत्येक पाइप स्लॅबमध्ये शिरतो तिथे पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापासून चौथा आणि सातवा पाइप बुडाशी गंजलाय, हाताने ढकलला तर हलतो. रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय. पाइप बदलेपर्यंत फोनवर बोलायला कृपया जिन्याच्या पलीकडची बाजू वापरा.