काटा मध्यावर आला की मगच किक

कराड, पाटण, वाळवा या पट्ट्यात कुणाकडे जुनी बुलेट मागितली, तर किल्लीबरोबर एक सूचना हमखास मिळते: ‘काटा मधी आला की मगच मार, नायतर पाय जाईल.’ हा काटा हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेल्या अँपिअर मीटरचा. बटण दाबून गाडी चालू करण्याची सवय झालेल्या पोराला त्या काट्याचं काही वाटत नाही. चपलेनिशी तो दहा-वीस किका हाणतो, घामाघूम होतो आणि गाडी बिघडली म्हणून सांगत परत येतो. बहुतेक वेळा गाडी बिघडलेली नसते.

जुनी म्हणजे ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची ३५० सीसीची बुलेट. सिलिंडर एकच, त्याचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर आणि फ्लायव्हील जड. एवढ्या सिलिंडरातली हवा नुसत्या पायाने दाबायला गेलं की किक मधेच अडते. म्हणून रीत ठरलेली. गाडी न्यूट्रलला घ्यायची, किल्ली फिरवायची आणि किक हळूहळू खाली दाबत न्यायची. इग्निशनचे पॉईंट मिटलेले असतात तोवर कॉईल करंट ओढते आणि काटा वजा बाजूला झुकतो. पॉईंट उघडले की काटा मध्यावर येतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पॉईंट एकदाच उघडतात, त्यामुळे काटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याशी पोचला हे नक्की. आता दाबलेली हवा सोडणारा डाव्या हाताचा डीकॉम्प्रेशन लिव्हर ओढायचा, किक किंचित पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा आणि किक पुन्हा वर येऊ द्यायची. मग अंगाचं वजन टाकून तळापर्यंत एकच लांब किक.

यामागचं गणित सरळ आहे. माथा नुकताच ओलांडलेला असल्यामुळे पुढचं कॉम्प्रेशन जवळजवळ दोन फेऱ्यांनी येतं. तोवर फ्लायव्हीलला वेग मिळतो आणि हवा दाबण्याचं काम तेच करतं. पायाने फक्त फ्लायव्हील फिरवायचं. सडपातळ म्हातारे बुलेटवाले पहिल्या किकला गाडी चालू करतात आणि तालमीतला गडी दमतो, त्याचं कारण हेच.

डीकॉम्प्रेशन लिव्हर या भागाला बुलेटने शिकवला असंही नाही. कृष्णा-कोयनेच्या काठावर उपशाची डिझेल इंजिनं हँडल मारून चालू करताना हाच उद्योग असायचा: लिव्हर उचल, हँडलने वेग दे, लिव्हर सोड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती इथून जवळच, आणि किर्लोस्करांच्या इंजिनांची नाडी ओळखणारे फिटर गावोगाव तयार झाले. बुलेट आली तेव्हा तिचे हाल ओळखणारे हात इथे आधीच होते.

ती आली लष्कराच्या वाटेने. बुलेट हे नाव १९३२ सालचं, इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीचं. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराने ही गाडी निवडली आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासचा कारखाना तेच इंजिन थोड्याफार फरकाने पुढे सुमारे चाळीस वर्षं काढत राहिला. सातारा हा फौजींचा जिल्हा. १९७१च्या युद्धाच्या स्मरणार्थ कराडात दर डिसेंबरला विजय दिवस होतो, तो उगाच नव्हे. पलटणीत पाहिलेली गाडी आणि हातात आलेलं उसाचं बिल, या दोन्हींनी बुलेट इथल्या गोठ्याशेजारच्या शेडात आणून उभी केली.

त्या शेडातली बुलेट चालू होत नाही, तेव्हा चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही. तो किक दाबून बघतो.

किक सरसर खाली गेली आणि इंजिन फिरलंच नाही, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो. बुलेटची किक इंजिनाला थेट जोडलेली नाही. किकच्या शाफ्टवरचा पॉल गिअरबॉक्समधल्या रॅचेटच्या दात्यांत अडकतो, तिथून जोर क्लचमध्ये जातो आणि क्लचमधून प्रायमरी चेनने क्रँकपर्यंत. म्हणून आधी बघायचं की लिव्हर आपल्या शाफ्टवरच सटकत नाही ना. बोल्ट सैल आणि आतले दाते झिजलेले, हे फार ठिकाणी सापडतं. ते ठीक असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच न दाबता ढकलायची. चाकावरून इंजिन फिरलं पण किकने फिरत नाही, तर पॉल आणि रॅचेट झिजले. चाकावरूनही फिरेना, तर क्लच स्लिप. आणि क्लच स्लिप असली तरी प्लेटा बदलायच्या आधी क्लचच्या केबलला थोडी ढील आहे का ते तपासावं. केबल ताठ ओढलेली असेल तर नव्या प्लेटाही सटकतात. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता गिअरबॉक्स खोलला जातो, तेव्हा मालकाचे पैसे आणि गाडीचं आयुष्य दोन्ही वाया जातात.

इंजिन फिरतंय, पण किकला दम नाही, ही दुसरी तऱ्हा. शाबूत बुलेटच्या किकवर उभं राहिलं तर कॉम्प्रेशन माणसाचं वजन काही क्षण तोलून धरतं. तसं होत नसेल तर लगेच रिंगा आणि बोअरवर संशय घेतला जातो. वास्तविक डीकॉम्प्रेशनची केबल ताठ असली, तरी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि हवा निसटते. पुशरॉडचंही तसंच. थंड इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना, उजवीकडचं झाकण काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवून बघायचा. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मोजमापाच्या पट्टीपेक्षा इथे बोटांवर भरवसा ठेवतात, आणि तो योग्यच आहे.

मग करंट. प्लग काढायचा, कॅपमध्ये घालून सिलिंडरच्या फिन्सला टेकवायचा आणि किक मारायची. चटचट आवाज करणारी निळी ठिणगी पडली तर ठीक. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही अशी असेल, तर आधी बॅटरी बघावी. बुलेटचं इग्निशन बॅटरीवर चालतं, आणि महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. त्यानंतर पॉईंट. इंजिनाच्या उजव्या बाजूला गोल झाकणाखाली ते दोन ठिपके असतात. पूर्ण उघडले असताना त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पावसाळ्यात या झाकणाखाली दमट हवा साचते, ठिपक्यांवर काजळी धरते आणि काल चालू झालेली गाडी आज रुसते. पॉलिश पेपरची पट्टी फिरवून, स्वच्छ फडक्याने पुसून, फिलर गेजने फट जुळवली की निम्म्या बुलेटा तिथेच चालू होतात. पॉईंटमध्ये मोठी निळसर ठिणगी उडत असेल आणि ठिपके पुन्हा पुन्हा खड्डे पडून खराब होत असतील, तर कंडेन्सर गेला.

किक बॅक मारत असेल तर मात्र मस्करी नाही. ठिणगी वेळेआधी पडली, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो, फ्लायव्हील उलटं फिरतं आणि किकचा दांडा घोट्यावर किंवा नडगीवर येतो. पॉईंटच्या मागे ऑटो अ‍ॅडव्हान्सची दोन छोटी वजनं असतात. त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा वजनं गंजून उघडी अडकली, तर हे हमखास होतं. अशा गाडीवर जोर आजमावू नये. टायमिंग तपासल्याशिवाय दुसरी किक नाही.

राहिलं पेट्रोल. पाच-सात किका मारून प्लग काढला आणि तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब निघाला, तर पेट्रोल जादा झालं किंवा ठिणगी कमी पडली. उभ्या गाडीचं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकट थर कार्बोरेटरचा पायलट जेट बुजवतो. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. तार घालून ते मोठं करणं हा गुन्हा समजावा. पेट्रोलात भिजवून हवा मारावी.

उसाच्या या मुलखात पेट्रोलचा प्रश्न आणखी जवळचा झाला आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे, तो नाकारू नये. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या बुलेटच्या रबरी नळ्या व वॉशर त्याला टिकतील अशा बेताने बनलेलेच नव्हते. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे वॉशर आजच्या पेट्रोलला चालणारे बसवून घेणं हा फार खर्चाचा इलाज नाही.

आणखी एक जागा बहुतेकांना ठाऊक नसते. बुलेटची ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात आहे. गाडी दीर्घ काळ उभी राहिली की झिजलेल्या पंपातून ऑइल हळूहळू झिरपत क्रँकच्या खोलीत साचतं. मग किक दगडासारखी जड लागते आणि चालू झालीच तर सायलेन्सरमधून धुराचे लोट येतात. इंजिन जाम झालं असं समजून ते उतरवलं जातं; खरं तर खालचा ड्रेन प्लग उघडून साचलेलं ऑइल काढणं पुरेसं असतं.

याच रस्त्यांवर जावा-येझदी आणि राजदूतही पिढीभर धावल्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६पर्यंत आलेल्या टू-स्ट्रोक जावा-येझदींत गिअरचाच लिव्हर आत दाबून वर फिरवला की किक होते. त्यांची किक हलकी आणि दोषही निराळे. बुलेटएवढी समजूत त्यांना लागत नाही.

२०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. म्हणजे १९७५च्या आधीची, न बदललेली बुलेट आज त्या मानाची धनी आहे. पण मूळ रूप राखायचं तर पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक किट आणि किकच्या जोडीला सेल्फ बसवण्याचा मोह आवरावा लागेल, आणि पॉईंट जुळवणारे मिस्त्री आता साठी ओलांडलेले आहेत.

घरात अशी बुलेट धूळ खात असेल तर ती भंगारात देण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, ड्रेन प्लग उघडा, बॅटरी चार्ज करा, पॉईंट पुसा. मग गावातल्या जुन्या मिस्त्रीला घरी बोलवा आणि तो काम करत असताना घरातल्या एखाद्या पोराला त्याच्या शेजारी बसवा.