कार्डावरचा ओ

गेली २९ वर्षं मी गोवंडीहून कुर्ल्याला गाडी बदलून रक्तपेढीत जातेय. क्रॉसमॅचची नळी हळूच हलवली की तळाची लाल टिकली विरघळल्यासारखी पसरते. पसरली की रक्त जुळलं. त्या रात्री ती पसरेना.

बैंगनवाडीची बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता, कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’. त्याच गटाच्या चार पिशव्या लावून पाहिल्या. चारही वेळा दाणे धरले. मग तिच्या पेशींवर अँटी-एच नावाचं चाचणीचं द्रव्य टाकलं, तर त्या ढिम्म. बॉम्बे ब्लड ग्रुप!

हे नाव आपल्या शहराचं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथल्या तीन माणसांच्या रक्तातलं हे वेगळेपण ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, लंडनचे रेस आणि सँगर त्या कामात सोबत होते. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचं रक्त असं असतं.

रुग्णाच्या घरच्यांना मी खुंटीचं उदाहरण देते. तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाची खुंटी असते. ए गटाच्या माणसात तिच्यावर एक पिशवी टांगलेली, बी गटात दुसरी, ओ गटात नुसती खुंटी. खुंटी बनवणारं जनुक, एफयूटी १, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. भारतातल्या बॉम्बे गटाच्या कुटुंबांत बहुधा त्याच्या ७२५व्या जागी एकच अक्षर बदललेलं सापडतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तर खुंटीच नाही. नात्यातल्या लग्नात हे जास्त घडतं. या बाळंतिणीचे आईवडीलही आतेमामे भावंडं. अशा शरीराला ओचं रक्तही परकं, शरीर त्या पेशी फोडून टाकतं. चालतं फक्त बॉम्बेच.

सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून रात्रीच तिघांना बोलावलं. धाकट्या बहिणीचं जुळलं, पण हिमोग्लोबिन भरलं दहा. रक्त द्यायला साडेबारा लागतं. ती पोर रडली, “ताई, घ्या ना थोडं तरी.” नाही घेता आलं. आमच्या वस्तीतल्या किती बायका ताटात शेवटी उरेल ते खातात, ते मला तिथे यंत्रावर आकड्यात दिसतं. शेवटी बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीतला एक जण रातोरात दुसऱ्या जिल्ह्यातून आला. असं रक्त कपाटात साठवून ठेवता येत नाही. रक्ताची पिशवी जेमतेम सहा आठवडे टिकते. म्हणून जिवंत माणसांची यादीच जपावी लागते.

चौथ्या दिवशी बाळंतिणीच्या सासूबाई खिडकीशी आल्या. मुलगा ओ, सून ओ, नात बी कशी? आवाज खाली, पण प्रश्नात सुनेचं अख्खं आयुष्य पणाला लागलेलं. मी त्यांना आत बसवलं. “मावशी, बी हिच्यातच होता. पिशवी होती, खुंटी नव्हती, म्हणून कुणाला दिसली नाही. खुंटी तुमच्या मुलाने दिली. पिशवी आईची, खुंटी बापाची, दोन्ही तुमच्या नातीत आलं.” १९५५ साली अमेरिकेत लेव्हीन यांनी एका कुटुंबात नेमका हाच उलगडा केला होता. साधी चाचणी ओवर थांबते. ओच्या पेशींवर उलट तपासणी केली तर हे कळतं, आणि ती कधीच टाळू नये, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवते.

मावशी बराच वेळ नळीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “हे माझ्या लेकाला पण असंच सांगा. मी बोलावते.”

धाकटी बहीण लोहाच्या गोळ्या घेऊन पाच महिन्यांनी परत आली. १२.७. यादीत तिचा नंबर मी माझ्या हाताने लिहिला.