लॅपटॉपचा बाण बिथरला? आधी घरचे अर्थिंग पाहा

वखराला पहिल्यांदा जुंपलेला गोऱ्हा कसा वागतो ते तुम्हाला सांगायला नको. कासरा डावीकडे ओढावा तर तो उजवीकडे निघतो, मध्येच अडतो, मध्येच उधळतो. लॅपटॉपच्या पडद्यावरचा तो छोटा बाण कधीकधी अगदी तस्साच करू लागतो. बोट हळूच सरकवावे तर तो कोपऱ्यात उडी मारतो. बोट उचलले तरी थरथरत राहतो. आपण काही दाबलेले नसते आणि भलतेच पान उघडते.

एके काळी ही शहरातल्या लोकांची अडचण होती. आता ती आपली झाली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो. ठिबकचा, अवजारांचा अर्ज महाडीबीटीवर, आणि लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीवरच. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, शाळा-कॉलेजे बंद पडली तेव्हा अनेक घरांनी कापसाच्या, सोयाबीनच्या पैशातून पोरांसाठी लॅपटॉप घेतला. पोरांसाठी आलेली ती वस्तू हळूहळू सगळ्या घराची झाली.

आता विचार करा, अर्जाची शेवटची तारीख आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, पोरगी गट नंबर आणि हेक्टर-आर भरते आहे. बाण मध्येच उडतो. अर्धा आकडा एका रकान्यात पडतो, अर्धा दुसऱ्यात. तिच्या लक्षात आले तर ठीक. नाही आले तर क्षेत्र चुकीचे नोंदले जाते, आणि ते दुरुस्त करायला किती चकरा माराव्या लागतात हे ज्याने मारल्या त्यालाच ठाऊक.

मग दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने तालुक्याला. दुकानात गेल्यावर मात्र तो शहाण्यासारखा चालतो! घरी आणला की पुन्हा तेच. असे ज्यांच्याकडे घडले त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. कारण दुखणे बहुधा लॅपटॉपचे नसते, घराचे असते.

पाटीखाली काय असते?

बोट फिरवायची ती चौकोनी पाटी, तिला टचपॅड म्हणतात. १९९४ साली ॲपल कंपनीच्या पॉवरबुक ५०० मालिकेच्या लॅपटॉपमध्ये ती आली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. अनेकांना वाटते की बोटाचा दाब तिला कळतो. तसे नाही. लाकडी काडीने कितीही जोर लावून ओढून पाहा, बाण हलणार नाही. पाटीच्या आत अतिशय बारीक तारांची उभी-आडवी जाळी असते, शेतात ठिबकच्या नळ्या अंथरतो तशी. त्या जाळीत अगदी थोडी वीज खेळत असते. माणसाच्या अंगात पाणी आणि क्षार असल्याने बोट जवळ आले की त्या ठिकाणची थोडी वीज बोट ओढून घेते. ती कुठे कमी झाली हे आतली चिप दर सेकंदाला कितीतरी वेळा मोजते आणि त्यावरून बाण सरकवते.

म्हणजे हा सगळा व्यवहार अगदी सूक्ष्म विजेचा आहे. टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखा. शेजारी मळणीयंत्र सुरू असेल तर टाचणी कशी ऐकू येईल? बाण बिथरतो तो याच कारणाने. कुठूनतरी विजेचा गोंगाट आत शिरतो आणि चिपला बोट कोणते आणि गोंगाट कोणता ते कळेनासे होते.

हे तुम्ही मोबाईलवरही पाहिले असेल. हलका चार्जर लावला की पडदा आपोआप अक्षरे उमटवतो, नको त्याला फोन लावतो. चार्जर काढला की शांत. कारण एकच आहे.

पहिली परीक्षा, एका मिनिटाची

बाण बिथरला की काहीही करण्याआधी चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा आणि दोन-चार मिनिटे नुसत्या बॅटरीवर चालवून पाहा. बाण सरळ झाला तर टचपॅड ठणठणीत आहे असे समजा. पैसे खर्चू नका. दोष चार्जरमध्ये आहे किंवा घरच्या अर्थिंगमध्ये.

आणखी एक खूण आहे. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून हाताची मागची बाजू हळूच फिरवा. मुंग्या आल्यासारखे, खरखरीत लागते का? चार्जरच्या आत २३० व्होल्टच्या बाजूला आणि लॅपटॉपच्या बाजूला जोडणारा एक लहानसा कपॅसिटर असतो. त्यातून झिरपणारी थोडी वीज तीन पिनांच्या चार्जरमध्ये तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जावी अशी सोय असते. अर्थिंग नसेल तर ती जाणार कुठे? लॅपटॉपच्या अंगावर चढते, आणि मीटरने मोजली तर मुख्य विजेच्या जवळपास निम्मी, शंभर-सव्वाशे व्होल्ट भरू शकते. प्रवाह अगदी कमी असल्याने माणसाला नुसत्या मुंग्या येतात. टचपॅडला मात्र तो मळणीयंत्राचा गोंगाट होतो.

आपल्याकडे या तिसऱ्या पिनेचे जे हाल होतात ते काय सांगावेत! बोर्डात बसत नाही म्हणून कुणी ती तोडून टाकतो, कुणी तीन पिनांवर दोन पिनांचा जोड लावतो. बोर्डाला तीन भोके असतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच नसते. तार असली तर ती घराबाहेर भिंतीपाशी तुटून लोंबत असते. आणि जिथे तार थेट जमिनीत गेलेली आहे तिथे उन्हाळा आड येतो. आपली काळी जमीन ओली असताना वीज छान वाहून नेते, पण वैशाखात तिला हातभर भेगा पडतात, माती नळीपासून सुटते, ओल खोल जाते. मग पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. पारा ४५ च्या वर जातो, त्याच दिवसांत हा बाणाचा रोग वाढलेला दिसला तर नवल नाही.

येथे थोडे विषय सोडून बोलतो, पण ते सोडून बोलणे नव्हे. तिसऱ्या पिनेतली हीच तार कूलरसाठी असते, मोटारीसाठी असते, मिक्सरसाठी असते. विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना झटका लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाणी भरणारे बहुतेक वेळा घरातली बाई नाहीतर लहान पोर असते. कूलरमध्ये तार उघडी पडली तर ती वीज जमिनीत नेणारी वाट म्हणजे हे अर्थिंग. ती वाट बंद आहे हे कूलर आधी सांगत नाही. लॅपटॉपचा बाण सांगतो. तो बिथरला आणि अंगाला मुंग्या आल्या तर त्याच आठवड्यात जाणत्या वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून तो तपासून देईल. कोळसा-मीठ घालून नळी सुमारे आठ फूट खोल पुरलेली असावी, तार घट्ट आवळलेली असावी, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे. पदरी पैसे असतील तर गळतीची वीज ओळखून लाइन तोडणारे, ३० मिलिअँपियरचे स्विच बसवून घ्या. घरातल्या कुठल्याही नव्या वस्तूआधी हे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. काही जण अर्थिंगची तार परस्पर न्यूट्रलला जोडून देतात. "झाले काम," म्हणतात. बाणही सरळ होतो. पण एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर पूर्ण वीज उभी राहते.

तुमचा चार्जर मुळातच कंपनीकडून दोन पिनांचा आला असेल तर गोष्ट वेगळी. त्याला अर्थिंग लागत नाही आणि थोड्या मुंग्या येणे त्याच्या जातीतच असते. तेथे चार्जर अस्सल आहे की बाजारातला हलका, हे पाहावे. घरच्या स्वस्त इन्व्हर्टरवरही काही चार्जर असा गोंगाट करतात. लाइट आल्यावर बाण सुधारला तर ओळखावे.

बॅटरीवरही बिथरला तर

चार्जर काढूनही बाण तसाच राहिला तर लॅपटॉप बंद करा, सपाट टेबलावर ठेवा आणि त्याचे पोट पाहा. तो डुगडुगतो का? टचपॅड मधोमध वर आलेला आहे का? दाबताना पूर्वीसारखा टिक आवाज येत नाही? झाकण नीट मिटत नाही, एका बाजूला फट राहते? पुष्कळ लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या अगदी खाली बॅटरी असते. ती लिथियमची असते, आणि जुनी झाली, उष्णतेत राहिली, की आत वायू धरून फुगते, पोट फुगलेल्या जनावरासारखी. फुगली की टचपॅडला खालून रेटते आणि बाण भरकटतो.

मोठी चिंता बाणाची नव्हे, आगीची. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. दाबून बसवू नये, टोचून हवा काढायचा विचारही करू नये. यवतमाळ, वणी, राळेगाव, दारव्हा, कुठेही जा, भाव वाढेल या आशेने कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवलेला असतो, आणि पोरांना अभ्यासाला तीच शांत खोली सापडते. फुगलेला लॅपटॉप कापसाच्या गंजीजवळ एक रात्रही ठेवू नका. बंद करून, पऱ्हाटी-कडब्यापासून दूर, फरशीवर उघड्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीला न्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून ती दुकानातच जमा करावी.

हे टाळायचे तर लॅपटॉप पत्र्याच्या घरात दुपारच्या उन्हात राहू देऊ नये, गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नये, आणि दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवू नये. कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात आणि आतली उष्णता कोंडते. वेचणीच्या दिवसांत ती जाळी मऊ ब्रशने साफ करावी.

बाकीची कारणे किरकोळ आहेत. घामाचा, तेलाचा, पाण्याचा थेंब चिपला बोटच वाटतो. हात कोरडे करून, लॅपटॉप बंद करून, किंचित ओलसर आणि मग कोरड्या सुती फडक्याने पाटी पुसावी. टाइप करताना तळहाताचा अंगठ्याकडचा भाग पाटीला घासतो आणि बाण उडतो, हे तर सर्रास होते. सेटिंग्जमध्ये टचपॅड म्हणून भाग असतो, तेथे संवेदनशीलता कमी करता येते. नवे अपडेट आल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करावा. तरी न जमल्यास कॉलेजातल्या पोराकडून टचपॅडचा ड्रायव्हर काढून पुन्हा घालून घ्यावा.

आणि अर्जाची शेवटची रात्र असेल, कारण शोधायला वेळच नसेल, तर चार्जर काढा आणि साधा वायरचा माउस लावा. वरच्या एफ-बटणांच्या ओळीत एकावर टचपॅडचे छोटे चित्र असते. ते, किंवा एफएन धरून ते दाबले की बहुतेक लॅपटॉपांत पाटी बंद होते. माउसही नसेल तर टॅब बटणाने एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाता येते, शिफ्ट धरून टॅब दाबले की मागे, आणि एंटर म्हणजे क्लिक. सबमिट करण्याआधी गट नंबर आणि क्षेत्र घरातल्या दुसऱ्या माणसाने सातबारा हातात धरून मोठ्याने वाचावे.