वाळवी गेली की अजून आत आहे?

ईद जवळ आली की घराघरांत रंगाची गडबड सुरू होते. चौकटीवर मातीची रेघ दिसली तर झाडूने पुसायची, लांबी भरायची, वरून ऑइलपेंट मारायचा. मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घरी दोन वर्षे आम्ही हेच केले. तिसऱ्या वर्षी अम्मीने चौकटीला हात टेकवला आणि बोट सरळ आत गेले. लाकूड संपले होते, उभा होता तो फक्त रंग.

सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्या असाचा किस्सा आहे. कीड आतून काठी खात होती आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. घरातही तसेच होते.

वाळवी म्हणा, उधई म्हणा की दीमक, जमिनीतून येणारी ही कीड उघड्यावर टिकत नाही. तिचे मऊ अंग लगेच सुकते. म्हणून ती मातीची नळी बांधून तिच्या आतून ये-जा करते. ही नळी पुसू नका. मधला दोन इंच भाग तेवढा फोडा. आत फिकट पांढरे किडे पळताना दिसले तर वाळवी चालू आहे. दिसले नाहीत तर बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा आणि आठवडा-दहा दिवस थांबा. ओल्या मातीने जागा पुन्हा जोडली गेली, तरी ती चालूच. नळी कोरडी, हाताने भुगा होणारी, जाळे लागलेली असेल तर बहुधा जुनी.

बहुधा म्हणतो, कारण नागपूरचा मे महिना फसवतो. उन्हाळ्यात वाळवी जमिनीत खोल जाते आणि पावसाबरोबर परतते. शिवाय आपल्याकडे कूलर आहेच. त्याचे पाणी ज्या खिडकीच्या चौकटीत मुरते, ती जागा आधी बघा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर लाकूड खाल्ले गेले एवढेच कळते, केव्हा ते नाही. आणि बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर ती वाळवी नव्हे, दुसरी कीड.

रॉकेल ओतून समोरचे किडे मरतात, जमिनीतले वारूळ तसेच राहते. राहत्या घरासाठी आय.एस. ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर सुमारे फुटाफुटावर छिद्रे पाडून औषध सोडतात. काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. अंगणात विहीर असेल तर त्याला आधीच सांगावे. जुन्या वाड्यांत हे हमखास राहून जाते.

आमच्या चौकटीवरची नळी नवव्या दिवशी जोडली गेली. औषध मारले, सुताराने खालचा तुकडा बदलला. वरच्या मजल्यावर अब्बांच्या उर्दू किताबांच्या कपाटामागेही एक नळी होती. तिथली पेन्सिलीची तारीख अख्खा पावसाळा तशीच राहिली. ते कपाट आम्ही हलवले नाही, फक्त भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले.