‘माउली’ आणि ‘बायल्या’: ‘श्यामची आई’ क्वीअर नजरेनं वाचताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचं पुस्तक सगळ्यांच्या घरातलं आहे. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. आणि आजचा प्रश्न असा: हे पुस्तक क्वीअर नजरेनं वाचता येईल का?

थांबा, लगेच बंद करू नका. ‘आता साने गुरुजींनाही सोडणार नाही का?’ असं काहींच्या मनात आलं असेल. म्हणून आधी शब्द नीट समजून घेऊ.

क्वीअर वाचन म्हणजे काय, आणि काय नाही

‘क्वीअर’ हा इंग्रजी शब्द मुळात शिवी म्हणून वापरला जायचा. विचित्र, वाकडा, आपल्यातला नसलेला. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिकडच्या समलिंगी आणि ट्रान्स कार्यकर्त्यांनी तोच शब्द अभिमानानं स्वतःला लावला. पुढे तो साहित्याच्या अभ्यासात आला.

पुस्तक क्वीअर नजरेनं वाचणं म्हणजे ‘यातलं कोण समलिंगी आहे ते शोधा’ असा खेळ नव्हे. लेखकाच्या खासगी आयुष्यात डोकावणं तर नव्हेच. प्रश्न वेगळे असतात. या पुस्तकात ‘मुलगा’ कसा असावा असं गृहीत धरलंय? ‘मुलगी’ कशी? त्या चौकटीत जो बसत नाही, त्याचं काय होतं? त्याला हसतात, मारतात, सुधारतात की जवळ घेतात?

ओळखीचं उदाहरण देतो. शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल वीमेन’चा तो अनुवाद. त्यातली ज्यो आठवते? मुलगी असल्याचा तिला वैताग येतो, धावायचं असतं, लिहायचं असतं, शेजारच्या लॉरीशी लग्न नको असतं. जगभरच्या कितीतरी वाचकांना ज्योमध्ये स्वतःचं क्वीअर बालपण दिसलं. ज्यो ‘तशी’ होती असं सिद्ध करायची गरज कुणालाच पडली नाही. वाचणाऱ्या मुलीला आपण एकटी नाही असं वाटलं, तेवढं पुरेसं होतं.

मग मराठीत मुलग्यांसाठी असं पुस्तक कोणतं? माझ्या मते ते आपल्या नाकासमोर आहे.

पुस्तक आणि आपला खानदेश

थोडी पार्श्वभूमी. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, कोकणातल्या पालगडचा. पण त्यांना ‘गुरुजी’ केलं खानदेशानं. 1924 ते 1930 ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. नंदुरबारहून भुसावळकडे जाणारी गाडी धरली की दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा करत आपण अमळनेरला पोचतो, इतकं ते जवळ. तिथल्या वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं, हे सगळं ते स्वतः करत. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेणारे साने गुरुजीच. तेव्हा आपलं नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं आणि धुळे हेच जिल्ह्याचं ठिकाण होतं.

‘श्यामची आई’ त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही मोजक्या दिवसांत. पुस्तक 1935 ला आलं. 1953 ला आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. 2023 मध्ये सुजय डहाके यांचा नवा सिनेमा आला. म्हणजे नव्वदेक वर्षं हे पुस्तक मराठी घरांत मुलं घडवतंय. कुणी त्याला कादंबरी म्हणतं, कुणी आत्मकथा. श्याम मोठा होतो कसा याची ती गोष्ट आहे, हे मात्र सगळे मानतात.

पहिलीच रात्र

पुस्तक रात्रींमध्ये विभागलंय. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. आता विचार करा, सांगायला इतकं असताना पहिल्या रात्रीसाठी त्यानं काय निवडलं असेल? सावित्री-व्रत.

आई आजारी आहे. वटपौर्णिमेचं व्रत आहे, पण वडाला फेऱ्या घालायची ताकद नाही. ती श्यामला सांगते, माझ्या वतीनं तू घाल. श्यामला लाज वाटते. तिथे सगळ्या बायका असणार, त्या हसणार, शाळेतली पोरं चिडवणार. आईचं उत्तर थोडक्यात असं, की चांगल्या कामाची लाज नसते. आणि श्याम जातो.

आपण हा धडा ‘मातृभक्ती’ म्हणून शिकलो. ते बरोबरच आहे. पण दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणा. नवऱ्यासाठी बायका करतात ते व्रत, बायकांचा घोळका, आणि त्यात वडाभोवती फिरणारा एक मुलगा. त्याची भीती कसली आहे? देवाची नाही, उन्हाची नाही. लोक आपल्याला बायकी म्हणतील ही भीती आहे. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाची सुरुवात त्या भीतीपासून होते, आणि तिच्यावर आई मात करायला शिकवते. ती श्यामला ‘मर्द हो’ म्हणत नाही. हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नको, एवढंच तिचं सांगणं.

पुढे एका रात्रीचं नावच ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे. थकलेल्या आईला श्याम घरकामात हात लावतो. बायकांची म्हणून ठरलेली कामं मुलगा करतो, आणि गुरुजी त्याला सरळ शिवाच्या अर्धनारी रूपाशी नेऊन जोडतात. पुरुषाच्या मनात कोमलपणा आला तरच तो पूर्ण माणूस होतो, असा तो विचार आहे. 1935 साली छापलेला!

तीच आई, हातात शिंपटी

पण पुस्तक इतकं सोपं नाही. बारावी रात्र आहे ‘श्यामचे पोहणे’. गावातली मुलं विहिरीत पोहायला शिकतायत आणि श्याम घाबरून घरात लपलाय. इथे हीच आई शिंपटी घेऊन त्याला झोडपत बाहेर काढते. तिचं म्हणणं, माझ्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं मला चालणार नाही.

दोन्ही रात्री शेजारी ठेवून बघा. वडापाशी लोक काय म्हणतील याची पर्वा करू नको म्हणणारी आई विहिरीपाशी लोक काय म्हणतील म्हणूनच मारते. ही आई ढोंगी आहे असं मला म्हणायचं नाही. मुलाला पोहता यावं हे बरोबरच आहे. पण क्वीअर नजर इथे एक गोष्ट टिपते. श्यामचा हळवेपणा आईसाठी, देवासाठी, सेवेसाठी असेल तोवर तो गुण आहे. तोच हळवेपणा त्याच्या स्वतःच्या भीतीतून, स्वतःच्या अंगातून आला की तो दोष ठरतो.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. एक ‘माउली’, दुसरा ‘बायल्या’. ज्ञानेश्वर पुरुष, पण आपण माउली म्हणतो. विठ्ठल पुरुष, पण विठाई म्हणतो. साने गुरुजींना ‘मातृहृदयी’ म्हणतो. पुरुषाला आई म्हणणं हा आपल्या भाषेतला सर्वोच्च मान आहे. आणि सातवीतला एखादा पोरगा हात हलवत बोलला, रडला, मुलींशी खेळला, की त्याला तीच भाषा ‘बायल्या’ म्हणते. गुण तोच. संतात दिसला की डोकं टेकवायचं, पोरात दिसला की टपली मारायची.

हे फक्त आपलं दुखणं नाही. अमेरिकेत 1973 साली मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. पण 1980 च्या यादीत मुलांच्या लिंगभावाबद्दलचं नवं निदान आलं आणि बायकी वागणारे मुलगे त्यात सापडले. ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक या अभ्यासिकेनं 1991 मध्ये यावर लिहिलं. तिचा मुद्दा असा होता, की मोठ्या समलिंगी पुरुषांना थोडी जागा मिळू लागली, पण बायकी मुलाच्या बाजूनं कुणीच उभं नव्हतं, अगदी चळवळसुद्धा. मला वाटतं, आपल्याकडे त्या मुलाच्या बाजूनं निदान एक पुस्तक उभं होतं. आपण ते तसं वाचलं नाही, इतकंच.

नंदुरबारमध्ये हे का बोलायचं

आपल्या शहरात मुलग्यांसमोर आणखी एक आदर्श आहे: बालशहीद शिरीषकुमार. 9 सप्टेंबर 1942 ला इथल्या मिरवणुकीत गोळ्या झेलणारा शाळकरी मुलगा. शूर मुलगा म्हणजे शिरीषकुमार आणि रडका मुलगा म्हणजे श्याम, अशी वाटणी आपण नकळत करून टाकतो. ती खोटी आहे. तो ‘रडका’ श्याम लिहिणारा माणूस अनेकदा तुरुंगात गेला. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून तो प्राण पणाला लावून उपोषणाला बसला. हळवेपणा आणि हिंमत एकाच अंगात राहतात, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

दुसरं कारण. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. हजारो भिल्ल, पावरा, मावची मुलं आश्रमशाळांत राहतात. कोकणातल्या ब्राह्मण घरातली वटपौर्णिमा त्यांच्यातल्या अनेकांच्या घरची नाही. त्यांच्याकडचे नियमही वेगळे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नवस बोललेले पुरुष घुंगरू बांधतात, माळा घालतात, मोरपिसांचे टोप चढवतात, अंगावर नक्षी काढतात. तिथे पुरुषाचं नटणं हसण्याची गोष्ट नाही, मानाची आहे. म्हणजे ‘पुरुष असाच असतो’ हा नियम जगभर सोडा, धडगाव ते नंदुरबार इतकाही एकसारखा टिकत नाही. पण त्याच घरातला मुलगा वसतिगृहात आला की त्याला शहरी ‘मर्दानगी’ शिकवली जाते.

पुस्तकात जे नाही

प्रामाणिकपणे हेही बोलू. या पुस्तकात प्रेम आईचं आहे, भावंडांचं आहे, गाईगुरांचं आहे. श्यामच्या स्वतःच्या शारीरिक ओढीला जागा नाही. कोमल मुलाला पुस्तक जवळ घेतं, पण त्याला पुढे सेवा आणि त्याग एवढाच रस्ता दाखवतं. आजचा पंधरा वर्षांचा मुलगा विचारेल, ‘मी कोमल आहे हे ठीक, पण मला कुणी आवडलं तर?’ त्याचं उत्तर इथे नाही. त्यासाठी त्याला बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’कडे किंवा सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’कडे जावं लागेल.

आणि मुली? सावित्री-व्रतानंतरची लगेच दुसरी रात्र आहे ‘अक्काचे लग्न’. श्यामनं बायकी काम केलं तर ती थोर गोष्ट होते. अक्कानं आणि आईनं तेच काम जन्मभर केलं, ते कामच राहतं. आई तर राबून राबूनच संपते. क्वीअर वाचनानं हेही दाखवायला हवं, नाहीतर ते अर्धवट राहील.

मग करायचं काय?

पुस्तक बदलायचं नाही. शिकवण्याची पद्धत थोडी बदलू. शिक्षक मंडळी, पहिली रात्र वर्गात वाचाल तेव्हा एक प्रश्न जोडा: ‘श्यामला कशाची लाज वाटत होती, आणि ती कुणी शिकवली?’ मुलं उत्तर देतील, त्यांना सगळं माहीत असतं. आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला रोज त्या नावानं हाक मारली जाते, तो पहिल्यांदा मान वर करून ऐकेल.

कॉलेजात हा फक्त चांगुलपणाचा मामला नाही, नियमाचाही आहे. 2016 पासून यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून छळणं स्पष्टपणे धरलंय. कलम 377 बद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा, तोही लक्षात असू द्या. पण शाळेतल्या पोराला कायदा कळायच्या आधी शिवी कळते. त्याच्यापर्यंत आधी पोचायला पुस्तकच लागतं, आणि ते आपल्या कपाटात आहे.

तुमच्या घरातलं ‘श्यामची आई’ काढा आणि पहिली व बारावी रात्र लागोपाठ वाचा. काय वाटलं ते कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर वाचत राहा, आणि कुणी हळवं दिसलं तर हसू नका.