आटे मोजणारा माणूस

पहाटेचे साडेचार. घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेचा चावीवाला पहारीनं चेंबरचं झाकण बाजूला करतो. छातीएवढी उंच लोखंडी चावी आत सोडतो, ती झडपेवर नीट बसली का ते हलवून बघतो आणि दोन्ही हातांनी फिरवू लागतो. ओठ हलताहेत. आटे मोजतोय. मी काही विचारू जाते, तर नुसत्या मानेनं थांबवतो.

पायाखाली आधी हवा फुसफुसते, मग पाइप घरघरतो. भातसा, वैतरणा, तानसा. कुठून कुठून निघालेलं पाणी! मुंबईच्या सात तलावांतलं बरंचसं पाणी भांडुपला शुद्ध होतं, टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं आणि ठरल्या वेळी अशा झडपांपाशी येऊन थांबतं. पाणीपुरवठ्याची सोय करणं 1888च्या कायद्यानं महापालिकेवर बंधनकारक आहे. त्या कर्तव्याचा शेवटचा टप्पा मात्र या माणसाच्या मनगटावर आहे, हे आपण विसरतो.

“इतकी सावकाश का?”

“पाणी धावत असतं, ताई. एकदम सोडलं किंवा एकदम अडवलं की दणका देतं. लाइनच फुटते.”

आम्ही गल्लीतून वर चढतो. निळे ड्रम दारात आलेत, नळ्या एकमेकींवरून गेल्यात. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी हंड्याच्या रांगेत उभ्या उभ्या वेणी घालतेय. चावीवाला मध्येच थबकतो. कुठल्याशा भिंतीआड मोटर चालू आहे, त्याला बरोबर ऐकू येतं. “मोटर बंद करा! वरच्यांनी काय प्यायचं?” आवाज थांबतो. कोण होतं, हे तो विचारत नाही. रोज याच माणसांतून जायचंय त्याला.

त्याचा फोन वाजतो. अगदी वरच्या घरांतली बाई आहे. “दादा, करंगळीएवढीच धार आहे हो.”

तो वळतो, उतरतो, पुन्हा चेंबरपाशी. अर्धा आटा. वेळापत्रक कार्यालयात लिहिलेलं असेल. पण या चढाला कुठल्या दिवशी किती आटे लागतात, ते त्याला हातानं कळतं. नव्या जलवाहिनीचा नकाशा आखताना याला बोलवायलाच हवं, असं मला फार वाटतं.

पुन्हा फोन. “आलं, दादा. भरतंय.”

“लवकर भरा. पावणेसहाला बंद करणार,” तो सांगतो, चावी खांद्यावर टाकतो आणि पुढच्या गल्लीकडे निघतो.